किलोमीटर कमी, गंज जास्त : जुनी छोटी एसयूव्ही घेताना

यावेळी आलेल्या पत्रांत निम्म्याहून अधिक पत्रे जुन्या गाडीबद्दलची आहेत, आणि त्यांतही चार मीटरच्या आतल्या छोट्या एसयूव्हींबद्दलची: ब्रेझा, नेक्सॉन, व्हेन्यू, इकोस्पोर्ट, एक्सयूव्ही ३००. गणेश चवथीच्या आधी गाडी दारात यावी अशी घाई बऱ्याच पत्रांत दिसते. ती घाई विकणाऱ्यालाही दिसते, एवढे लक्षात असू द्या. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरे दिली आहेत.

प्रश्न, म्हापसा : रोज पणजीला जाऊन-येऊन पंचवीस-तीस किलोमीटर होतात. दोन महिन्यांतून एकदा चोर्ला घाटातून बेळगाव. बजेट सहा-सात लाख. पेट्रोल घ्यावी की डिझेल, मॅन्युअल की ऑटोमॅटिक? भरवशाची कोणती?

उत्तर : डिझेल तुमच्यासाठी नाही. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत धुराच्या मार्गावर काजळी अडवणारा फिल्टर असतो, त्याला डीपीएफ म्हणतात. तो भरत आला की इंजिन जादा डिझेल फवारून ती काजळी जाळते, आणि त्यासाठी गाडी पंधरा-वीस मिनिटे सलग बऱ्या वेगाने धावायला हवी. पर्वरीच्या कोंडीत ते जमत नाही. काम अर्ध्यावर तुटत राहिले की न जळलेले डिझेल ऑइलमध्ये उतरते, ऑइल पातळ होते आणि त्याची पातळी उलट वाढते. डिपस्टिकवर ऑइल वरच्या खुणेच्याही वर दिसले आणि त्याला डिझेलचा वास आला, तर ती गाडी तिथेच सोडा. २०२० आधीच्या बीएस-४ डिझेलमध्ये बहुधा हा फिल्टर नसतो, पण छोट्या फेऱ्यांमुळे ईजीआर व्हॉल्व्ह, म्हणजे थोडा धूर पुन्हा इंजिनात सोडणारी झडप, काजळीने तुंबतो.

पेट्रोलमध्ये मॉडेलच्या नावापेक्षा इंजिन आणि गिअरबॉक्स यांची जोडी पाहा. फेब्रुवारी २०२० मध्ये ब्रेझाला १.५ लिटरचे पेट्रोल इंजिन मिळाले. त्याला टर्बो नाही, टायमिंग चेन आहे, आणि जोडीला मॅन्युअल किंवा चार गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर ऑटोमॅटिक. चारच गिअर असल्याने चोर्ल्यात इंजिन ओरडते, मायलेजही बेताचे; पण बिघडण्यासारखे त्यात थोडेच आहे. होंडा डब्ल्यूआर-व्हीचे १.२ पेट्रोल भरल्या गाडीने घाटात दमते, बाकी तेही सरळ आहे. टर्बोवाल्या गाड्या घाटात मजा देतात, पण त्यांना ऑइल वेळेवर लागते. दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते. सर्व्हिसच्या नोंदींत दीड-दोन वर्षांची पोकळी दिसली तर टर्बो गाडी घेऊ नका. तीच पोकळी साध्या इंजिनात एक वेळ चालवून घेता येते.

ऑटोमॅटिकमध्ये व्हेन्यू आणि सोनेट यांच्या एक लिटर टर्बोसोबत येणारा सात गिअरचा डीसीटी, म्हणजे दोन क्लचांचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, कोरड्या क्लचचा आहे. कोंडीत किंवा चढावर ब्रेक न दाबता अॅक्सिलरेटरवरच गाडी रोखून धरायची सवय आधीच्या मालकाला असेल, तर क्लच तापून झिजलेला असणार. एएमटीचेही, म्हणजे मॅन्युअल गिअरबॉक्सचाच क्लच आणि गिअर यंत्राने चालवणाऱ्या ऑटोमॅटिकचेही, तसेच. परीक्षा सोपी आहे : चढावर थांबा, ब्रेक सोडा, अगदी हळू पुढे सरका. थरथर, धक्का किंवा जळका वास आला तर समजा.

इकोस्पोर्टबद्दल चार पत्रे आहेत म्हणून सविस्तर. गाडी घट्ट, रस्त्यावर बसणारी, आणि फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये भारतातले उत्पादन बंद करण्याची घोषणा केल्यामुळे स्वस्त मिळते. मात्र एक लिटर इकोबूस्ट आणि नंतरचे तीन सिलिंडरचे १.५ पेट्रोल, दोन्हींचा टायमिंग बेल्ट इंजिनच्या आत, ऑइलमध्ये भिजून फिरतो. ऑइल चुकीच्या प्रतीचे घातले किंवा बदलायला उशीर केला की बेल्ट फुगतो, त्याचे कण सुटतात आणि तळाच्या टाकीतली ऑइल ओढणारी जाळी तुंबते. मग ऑइलचा दाब पडतो आणि इंजिन जाते. बिलावर ऑइलची प्रत लिहिलेली नसेल तर ही दोन इंजिने टाळा. आधीच्या पेट्रोल ऑटोमॅटिकचा कोरड्या क्लचचा गिअरबॉक्सही थरथरण्यासाठी जगभर बदनाम आहे. इकोस्पोर्ट घ्यायचीच असेल तर मॅन्युअल डिझेल सर्वांत समजूतदार, पण तुमच्या धावेला डिझेल नको, म्हणजे तुमच्यासाठी इकोस्पोर्ट नाही.

प्रश्न, कळंगुट : २०१७ ची गाडी पाहिली. रंग चकाचक. खाली वाकून पाहिले तर सगळे काळे, नवे कोटिंग केलेले. विकणारा म्हणतो गंज लागू नये म्हणून केले. विश्वास ठेवावा का?

उत्तर : विक्रीच्या तोंडावर केलेले कोटिंग गंज लागू नये म्हणून क्वचितच असते, बहुधा लागलेला दिसू नये म्हणून असते. जुने, धूळ-चिखल बसलेले, जागोजागी घासलेले कोटिंग चांगले. नवे, ओलसर चमकणारे, आणि नटबोल्ट, रबरी बुश, सायलेन्सरचे हँगर यांच्यावरही सरसकट मारलेले असेल तर शंका घ्या. काम जाणणारा माणूस रबरावर आणि सायलेन्सरवर कोटिंग मारत नाही.

गाडी लिफ्टवर किंवा खड्ड्यावर घेतल्याशिवाय निर्णय नको. किनाऱ्यावरच्या खारट हवेत आणि चार महिन्यांच्या पावसात गंज वरून दिसणाऱ्या पत्र्यापासून सुरू होत नाही. तो जिथे पाणी साचते आणि हवा खेळत नाही तिथून येतो. दरवाजांच्या खालच्या कडेला पाणी जाण्यासाठी बारीक भोके असतात; ती चिखलाने बुजली की पत्र्याची दुमड आतून कुजते. बोट फिरवून पाहा, रंगाखाली फुगवटा लागतो. डिकीच्या दारावर नंबरप्लेटच्या दिव्याभोवती, पुढच्या मडगार्डच्या आत प्लास्टिकच्या लायनरमागे, बॅटरीच्या ट्रेखाली आणि स्टेपनीच्या खळग्यात बघा. खाली गेल्यावर मागचा अॅक्सल बीम, पुढची सबफ्रेम, स्प्रिंगच्या वाट्या आणि ब्रेकच्या लोखंडी नळ्या.

बीम किंवा सबफ्रेमवर तपकिरी पापुद्रा असणे कळंगुटात नवल नाही. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोका, टोकाने टोचून पाहा. खणखणीत आवाज आला तर गंज वरवरचा आहे, घासून प्रायमर आणि कोटिंग करून चालेल. बद्द आवाज आला, पापुद्रे गळाले किंवा टोक आत रुतले, तर पत्रा गेला. ब्रेकच्या नळीवर फोड दिसले तर ती बदलायचीच. हा खर्च मोठा नाही, पण टाळण्यासारखाही नाही. वाटी किंवा चॅसिसचा पत्रा कुजलेला असेल तर मात्र किंमत कितीही पाडून दिली तरी घेऊ नका. वेल्डिंग करून विकलेल्या अशा गाड्या पुन्हा पुढच्या पावसाळ्यात तिथेच फुटतात.

गंजाचा दुसरा घाव विजेवर बसतो. बोनेट उघडून एखाद-दोन कनेक्टर काढून पाहा; आतल्या पितळी पिनांवर हिरवट पूड असेल तर पुढे सेन्सरचे दिवे लागत-विझत राहतील. आजच्या गाड्यांत असा त्रास इंजिनाच्या बिघाडापेक्षा जास्त छळतो, कारण तो गॅरेजमध्ये नेल्यावर दिसतच नाही.

प्रश्न, मडगाव : मालक बोटीवर नोकरीला. गाडी २०१९ ची, एकहाती, फक्त अठरा हजार किलोमीटर. भाव मात्र त्या वर्षाच्या इतर गाड्यांपेक्षा लाखभर जास्त सांगतात. द्यावा का?

उत्तर : नाही. आठ-नऊ महिने पत्र्याच्या शेडमध्ये उभी राहून दोन महिने चालणारी गाडी ही रोज चालणाऱ्या गाडीपेक्षा चांगली नसते. आपल्याकडच्या दमटपणात तर नाहीच.

उभ्या गाडीचे काय होते ते क्रमाने पाहा. बॅटरी पुन्हा पुन्हा पूर्ण उतरते आणि तिच्या प्लेटांवर सल्फेट बसते. रात्रभर उभ्या गाडीत मल्टीमीटरवर १२.४ ते १२.६ व्होल्ट दिसायला हवेत. टायर एका जागी दबून चपटे होतात, ६०-७०च्या वेगाला तळातून ठराविक तालात थडथड येते. टायरच्या बाजूला चार अंकी शिक्का असतो : २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. अठरा हजार चाललेल्या गाडीवर मूळचेच टायर असणार, नक्षी भरपूर दिसेल, पण रबर कडक आणि कडेला भेगाळलेले असेल. ते बदलावेच लागतील. चार टायरांना पंचवीस हजारांच्या आसपास धरा. टायर नवे असतील तर उलटा प्रश्न विचारा : अठरा हजारांत टायर कसे संपले?

पेट्रोलमधले इथेनॉल हवेतली ओल ओढून घेते. महिनोन्‌महिने अर्धी भरलेली टाकी उभी राहिली की तळाशी पाणी साचून पंप आणि इंजेक्टर खराब होतात. एप्रिल २०२३ च्या आधीच्या बहुतेक गाड्या ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉलच्या, पेट्रोलसाठी बनलेल्याही नाहीत, त्यामुळे इंधनाच्या रबरी नळ्या वाकवून भेगा पाहा आणि टाकीच्या बाजूला पेट्रोलचा वास येतो का ते बघा. ब्रेकचे ऑइलही ओल शोषते. ते साधारण दोन वर्षांनी बदलायचे असते, चाललेल्या किलोमीटरांशी त्याचा संबंध नाही. मागच्या ब्रेकच्या व्हील सिलिंडरचे पिस्टन अडकतात. एसी वापरात नसला की कॉम्प्रेसरच्या शाफ्टचे सील सुकते आणि गॅस हळूहळू जातो.

आणि उंदीर. माडांच्या भाटात किंवा शेडमध्ये उभ्या गाडीच्या बोनेटखाली नारळाच्या शेंड्या, लेंड्या, कुरतडलेले इन्सुलेशन सापडणे अगदी नेहमीचे. एअर फिल्टरचा डबा आणि केबिन फिल्टर दोन्ही उघडा. वायरिंग हार्नेसला काळी टेप नव्याने गुंडाळलेली दिसली तर ती का, हे विचारा.

हे सगळे दुरुस्त होण्यासारखे आहे, पण खर्च तुमचा. टायर, बॅटरी, सगळी ऑइले, कूलंट, ब्रेकचे काम आणि एसी यांचा अंदाज गॅरेजकडून लिहून घ्या, तो त्या वर्षाच्या सर्वसाधारण भावातून वजा करा, आणि तो आकडा मालकाच्या घरच्यांसमोर ठेवा. अठरा हजार हा आकडाही तपासा : ब्रेकच्या पॅडलचे रबर गुळगुळीत, स्टिअरिंगला तुळतुळीत चकाकी, ड्रायव्हर सीटची दाराकडची कड दबलेली, असे असेल तर मीटर मागे फिरवलेला असू शकतो. अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये त्या गाडीच्या प्रत्येक भेटीचे किलोमीटर नोंदलेले असतात. मालकालाच ती नोंद मागवायला सांगा.

प्रश्न, वास्को : पांढऱ्या पाटीची गाडी आहे, पण पूर्वी रेंट-अ-कॅबला होती असा संशय येतो. कसे ओळखावे? असली तर काय बिघडते?

उत्तर : रेंट-अ-कॅबची, म्हणजे स्वतः चालवायला भाड्याने देतात त्या गाडीची, पाटी काळी, अक्षरे पिवळी. परवाना रद्द करून गाडी खासगी केली की पाटी पांढरी होते, पण मागमूस राहतो. आधीची विमा पॉलिसी मागा; ती व्यावसायिक वाहनाची असेल तर प्रश्नच मिटला. आरटीओत गाडीचा पूर्ण तपशील मागता येतो, त्यात आधीचा वर्ग आणि परवाना कळतो. डॅशबोर्डखाली वेगनियंत्रकाच्या किंवा जीपीएस यंत्राच्या कापून सोडलेल्या वायरी दिसतात का पाहा. सीटच्या रुळांत वाळू, चारही अलॉय व्हीलच्या कडा घासलेल्या, पुढच्या बंपरची खालची बाजू खरवडलेली, या पर्यटकांच्या खुणा.

नुकसान क्लच, सस्पेन्शन आणि गिअरच्या सिंक्रोनायझरचे होते, कारण दर दोन-तीन दिवसांनी चालवणारा वेगळा. इंजिन मात्र अनेकदा ठीक असते. धंद्याची गाडी बंद पडू नये म्हणून मालक सर्व्हिस वेळेवर करतात. भाव योग्य असेल आणि विकणाऱ्याने हे आधीच सांगितले असेल तर घेण्यात चूक नाही. लपवले असेल तर आणखी काय लपवले आहे ते शोधत बसू नका, उठा.

प्रश्न, फोंडा : ओळखीचा मेकॅनिक नाही. तासाभरात स्वतः काय काय तपासता येईल?

उत्तर : सकाळी जा, आणि आदल्या रात्री निरोप द्या की गाडी सुरू करू नका. पोहोचल्यावर आधी बोनेटवर हात ठेवा. गरम असेल तर दुसऱ्या दिवशी या. थंड इंजिन जे सांगते ते गरम इंजिन लपवते.

सुरू करण्याआधी ऑइलचे झाकण काढून आतून पाहा. दह्यासारखा पिवळट थर असेल तर पाणी ऑइलमध्ये मिसळते आहे. पावसाळ्यात फक्त छोट्या फेऱ्या करणाऱ्या गाडीत थोडा थर नुसत्या वाफेनेही जमतो, म्हणून सोबत कूलंटची बाटली पाहा : तिथे तेलाचा तवंग असेल किंवा पातळी खाली गेलेली असेल तर हेड गॅस्केटचा संशय पक्का. मग किल्ली फिरवून सगळे दिवे लागतात का ते बघा. इंजिन चेक, एबीएस, एअरबॅग हे तिन्ही दिवे आधी लागून मग विझले पाहिजेत. एअरबॅगचा दिवा मुळातच लागत नसेल तर अपघातात एअरबॅग फुटली आणि नंतर दिवा काढून टाकला, असे असू शकते.

सुरू करताना मागे कुणाला तरी उभे करा. निळा धूर म्हणजे ऑइल जळते. पांढरा धूर थंडाव्यात क्षणभर चालतो. गरम झाल्यावरही टिकला तर कूलंट जळते. पहिल्या दोन सेकंदांत पुढून खडखड आली आणि लगेच थांबली तर टायमिंग चेन किंवा तिचा टेन्शनर सैल. ब्रेझाच्या १.३ डिझेलमध्ये हे कान देऊन ऐका. डस्टरच्या १.५ डिझेलला चेन नसून बेल्ट आहे. बदलल्याचे बिल नसेल तर बेल्ट, टेन्शनर आणि वॉटर पंप एकत्र बदलायचा खर्च भावातून वजा करा.

अपघाताची तपासणी उन्हात करा. बोनेटच्या आणि मडगार्डच्या बोल्टांच्या डोक्यांवरचा रंग उडालेला असेल तर ते भाग उतरवले आहेत. काचांच्या कोपऱ्यात वर्षाचा शिक्का असतो, सगळ्या काचांवर तो जुळायला हवा. बंपर, दार, मडगार्ड रंगवलेले असणे आपल्या अरुंद रस्त्यांवर चालायचेच, त्यावर वाद घालू नका. रेडिएटरचा आडवा सपोर्ट, दोन्ही अॅप्रन (बोनेटखालचे चाकांवरचे आतले पत्रे) आणि दारांमधले खांब यांच्यावर वेल्डिंगचे किंवा पोटीनचे काम दिसले तर मात्र तिथेच थांबा. रंगाची जाडी मोजायचे यंत्र मिळाले तर कंपनीचा रंग साधारण ८० ते १५० मायक्रॉन भरतो. पाचशेच्या वर आकडा गेला की खाली पोटीन आहे.

चालवायला फर्मागुढीचा चढ उत्तम आहे. तिसऱ्या गिअरमध्ये कमी वेगाने चढायला लागा आणि अॅक्सिलरेटर पूर्ण दाबा. इंजिनाचे फेरे चढले पण वेग चढला नाही तर क्लच संपला. उतरताना रिकाम्या रस्त्यावर मागे कुणी नाही हे पाहून ब्रेक दाबा. स्टिअरिंग थरथरले तर डिस्क वाकड्या. गतिरोधकावर एक चाक चढवून ‘टक’ असा सुका आवाज येतो का ऐका : बहुधा लिंक रॉड किंवा लोअर आर्मचा बुश, स्वस्तातले काम. सपाट रस्त्यावर वेगासोबत वाढणारी घुमघुम असेल तर व्हील बेअरिंग. मोकळ्या जागेत स्टिअरिंग पूर्ण वळवून गोल फिरवा. कटकट आली तर ड्राइव्ह शाफ्टचा सीव्ही जॉइंट.

शेवटी ओबीडी स्कॅनर. ब्लूटूथवाला हजारेक रुपयांत मिळतो, स्टिअरिंगखालच्या सॉकेटला लावून मोबाईलवर बिघाडाचे कोड वाचता येतात. कोड नाहीत म्हणून खूष होऊ नका. ‘रेडिनेस’ हे पान उघडा. तिथल्या बऱ्याच चाचण्या अपूर्ण दिसल्या तर कोड नुकतेच पुसले आहेत किंवा बॅटरी काढली होती. पन्नासेक किलोमीटर चालवून पुन्हा तपासू द्या म्हणावे. तयार होत नसतील तर कारण तुम्हाला कळलेच.

प्रश्न, पेडणे : जुनी नेक्सॉन ईव्ही घ्यावी का?

उत्तर : घरी चार्जिंगची सोय असेल तर जरूर पाहा. पहिल्या नेक्सॉन ईव्हीच्या बॅटरीवर ८ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटरची वॉरंटी होती. ती किती शिल्लक आहे आणि तुमच्या नावावर चालू राहते का, हे सर्व्हिस सेंटरमधून लेखी घ्या. बॅटरीचे आरोग्य किती टक्के आहे याचा अहवालही तिथेच मिळतो. गाडी पुराच्या पाण्यात उभी होती अशी नुसती कुणकुण लागली तरी ईव्ही घेऊ नका.

प्रश्न, डिचोली : कोल्हापूर-सांगलीकडे तीच गाडी लाखभर स्वस्त मिळते. आणावी का? कागदपत्रे काय लागतील?

उत्तर : आधी पुराचे बघा. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगली आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूण-महाड पाण्याखाली होते. त्याआधीची गाडी त्या भागातली असेल तर चारही सीटबेल्ट टोकापर्यंत ओढा. आतल्या पट्ट्यावर गाळाची रेघ असते, तिथे कुणी धूत नाही. सीटखालचे बोल्ट, कार्पेटखालचा फोम, फ्यूज बॉक्सचे कोपरे आणि हेडलाइटच्या आतली तळाची बाजू पाहा. फक्त पुढच्या पायाखालचा फोम ओला असेल तर तो सनरूफची किंवा एसीची तुंबलेली नळीही असू शकते.

कागद असे : महाराष्ट्राच्या आरटीओची एनओसी (ना-हरकत दाखला), म्हणजे फॉर्म २८, मालकी बदलासाठी फॉर्म २९ आणि ३०, कर्ज असल्यास बँकेचे पत्र आणि फॉर्म ३५, गोव्याचा नवा नंबर घेण्यासाठी फॉर्म २७. गोव्यात रस्ता कर पुन्हा भरावा लागतो आणि महाराष्ट्रातला परतावा मालकाला तिकडे अर्ज करून मिळवावा लागतो, त्याला महिने जातात. हा कर, दोन फेऱ्या आणि एजंटचे पैसे धरल्यावर लाखाची बचत बरीच आटते. एम-परिवहन अॅपवर गाडीचे कर्ज आणि विम्याची मुदत दिसते. थकलेले चलन परिवहनच्या ई-चलन पोर्टलवर पाहा. आरसीवर बँकेचे नाव असताना पूर्ण पैसे देऊ नका. कर्जाची शिल्लक थेट बँकेत भरा, उरलेली रक्कम बँकेची एनओसी हातात आल्यावर मालकाला द्या.

गाडी ताब्यात आल्यापासून १४ दिवसांत विमा आपल्या नावावर करण्यासाठी कंपनीला कळवा. तोवर अपघात झाला तर समोरच्याच्या नुकसानीचे संरक्षण चालू राहते, पण तुमच्या गाडीचा दावा अडकतो. नो क्लेम बोनस जुन्या मालकाचा, तो त्याच्याकडेच राहतो. म्हणून नावावर करताना हप्त्यातला फरक भरावा लागेल, तो सौद्याच्या वेळीच हिशेबात धरा.